ती पोरगी कोण

नाशिकरोड,
६ सप्टेंबर १९८१

आत्या,

जयभीम. मी उत्पला. तुझ्या भावाची, सावळीरामची मुलगी. एवढं फोड करून लिहावं लागतंय, कारण आपण भेटलो तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि त्यानंतर आमच्याकडून तुझ्याकडे कुणी आलं नाही, तूही आली नाहीस. तुला 'तू' लिहू की 'तुम्ही', यातच कागद वाया गेले. आजी वारली तेव्हा मनमाडला मी तुला 'तू'च म्हणत होते असं आई सांगते, म्हणून तेच ठेवलंय. तुला वाचता येतं हेही तिनंच सांगितलं. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आम्ही सगळे बरे आहोत. पप्पा ऑफिसात हेडक्लार्क झाले. कॉलनीतल्या विहाराच्या कमिटीवरही ते आहेत, त्यामुळे रविवारी घरात माणसांची ये-जा असते आणि आई चहा करून दमते. मी दहावीत आहे. गणित सोडून बाकी ठीक चाललंय. तू रेल्वेच्या माणसांचे डबे अजून करतेस का? तुझी तब्येत बरी असेल अशी आशा करते.

आता लिहायचं कारण. तसं छोटंच आहे.

मी नाच शिकते आत्या. कथक. हे तुला कुणी सांगितलं नसणार. मनमाडहून परत आल्यावर मी घरात सारखी गिरक्या घ्यायची. चुलीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत आणि परत. आईच्या हातून एकदा माझ्यामुळं दूध सांडलं. मग तिनं कुणाकडून तरी नाशकातल्या गर्गेबाईंच्या क्लासचं ऐकलं आणि मला घेऊन गेली. पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, शास्त्रीय असेल तर शिकू दे. मला तेव्हा वाटलं, शास्त्रीय म्हणजे शास्त्राच्या पुस्तकातलं काहीतरी असणार.

तेव्हापासून मी शाळा सुटली की बसनं शालिमारला उतरते आणि क्लासला जाते. माडीवर मोठी खोली आहे. भिकाकाका तबला वाजवतात, बाई हातानं ताल देतात. आधी नुसते पाय आपटायचे, त्याला तत्कार म्हणतात, तेच महिनोन्‌महिने. माझ्या टाचा बघून शाळेतल्या मुली विचारतात, तू शेतात काम करतेस का?

लहान होते तेव्हा सगळं सोपं होतं. आता नाही. आई सांगते, रस्त्यानं खाली बघून चाल. क्लासमध्ये खाली बघितलं की बाई ओरडतात, मान वर, खांदे मोकळे, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. मग बसमध्ये मी कोणती मान घेऊन बसायचं? एकदा चुकून क्लासची मान बसमध्ये राहिली, तर कॉलेजचा एक मुलगा पुढच्या स्टॉपवर उतरायचं सोडून थेट नाशिकरोडपर्यंत आला. मी आईला सांगितलं नाही. महिन्याच्या त्या दिवसांत बाई आम्हाला नटराजाच्या मूर्तीला हात लावू देत नाहीत. आपल्याकडे असलं काही पाळत नाहीत, पप्पा तर भडकतील. मी हात लावते आणि गप्प बसते. मग तोडा, म्हणजे तबल्याच्या बोलांवरचा नाचाचा तुकडा, चुकला की वाटतं, त्यामुळंच चुकला असेल का?

क्लासच्या जिन्यात आम्ही मुली घुंगरू सोडत बसतो तेव्हा गप्पा होतात. माझी मैत्रीण वैजयंती, तिला मी वैजू म्हणते, ती सांगत होती की तिची आजी म्हणते, पाहुणे बघायला येतील तेव्हा 'मुलीला नृत्याची आवड आहे' एवढं सांगता आलं की झालं, पुढं घुंगरू माळ्यावर. दुसऱ्या एका मुलीला डॉक्टरांनी वजनासाठी पाठवलंय. त्यांनी मला विचारलं, तू कशासाठी शिकतेस? मी म्हटलं, माहीत नाही. सगळ्या हसल्या. पण मला खरंच माहीत नाही.

गेल्या महिन्यात बाई गत शिकवत होत्या. गत म्हणजे एक चाल असते. डोक्यावरचा पदर बोटात धरून, लाजत, थांबत पुढं जायचं आणि वळून बघायचं. मी वळले आणि बाईंनी तबला थांबवला. म्हणाल्या, "हे आपल्यातलं नाही. हे कुठून आणलंस?" मी पुन्हा केलं, पुन्हा तसंच झालं. मला कळेचना मी वेगळं काय करतेय. क्लास सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि विचारलं, घरात कुणी नाचायचं का? रागावून नाही, नीट विचारलं.

मी काय सांगितलं ते जाऊ दे.

तर काम असं आहे. डिसेंबरच्या आत आमच्या क्लासचा कार्यक्रम आहे, मोठ्या हॉलमध्ये, तिकीट लावून. त्यात बाई एक लावणीही बसवतायत. क्लासमधल्या एका मुलीला ती करायची आहे. बाईंना लावणीतलं फारसं येत नाही, त्या मुलीलाही नाही. म्हणून तिच्यासाठी मी तुला विचारतेय, की खांद्यावरून मागं बघताना वजन कोणत्या पायावर असतं? आणि पदर कमरेला खोचतात तो आधीच खोचलेला असतो की नाचता नाचता? आणि तुझ्याकडची जुनी नऊवारी असेल तर ती थोडे दिवस मिळेल का? त्या मुलीला.

उत्तर आमच्या पत्त्यावर पाठवू नकोस. वैजूचा पत्ता खाली लिहिलाय. पप्पा ऑफिसातून आले की टपाल तेच बघतात, आणि त्यांना उगाच कशाला.

तुझी भाची,
उत्पला


नाशिकरोड,
१८ ऑक्टोबर १९८१

आत्या,

जयभीम. तुझं कार्ड वैजूनं मला भूगोलाच्या वहीत घालून दिलं. एकच ओळ. "ती पोरगी कोण ते आधी लिव्ह." मी ते बसमध्ये वाचलं आणि माझे कान गरम झाले.

ती मुलगी मीच. तुला ते माहीत होतंच.

आता सगळं लिहिते. गर्गेबाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. म्हटलं, माझी आत्या तमाशात होती, फडावर नाचायची. मला वाटलं होतं त्या तोंड वाकडं करतील, मला क्लासमधून काढतील. तसं काहीच झालं नाही. त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, अगं मग आधी का नाही सांगितलंस? दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, या वर्षी लावणी होणार आणि ती उत्पला करणार.

मला इतका आनंद झाला. दोन दिवस. मग कळलं की एकटीनं करायचे जे गत आणि तोडे त्यांनी मला मेमध्येच देऊन ठेवले होते, ते आता वैजू करणार. मी विचारायला गेले तर बाई हसून म्हणाल्या, "तुला आता तुझं मिळालं ना?"

सहा वर्षं मी जे करत होते ते कुणाचं होतं मग?

आणि आत्या, मी रागावायला पाहिजे होतं, पण लावणीचा सराव सुरू झाला आणि मला ते आवडायला लागलं. फार आवडलं. भिकाकाकांनी कुठून तरी ढोलकी आणली होती. कथकात मी सारखी मोजत असते. इथं मोजायची विसरले. बाई म्हणाल्या, बघा, रक्तातच असतं हे. आणि झालं, माझे पाय जड झाले. कारण मला आवडतंय म्हणजे बाई म्हणतात ते खरंच की काय? आणि ते खरं असेल तर मी कथकला उगाच जाते की काय?

पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगणार होते. रोज ठरवायची आणि रोज त्यांच्या पानात काहीतरी वाढून परत यायची.

मागच्या रविवारी दुपारी बाई स्वतःच आमच्या घरी आल्या. रिक्षानं, पत्ता विचारत विचारत. पप्पा बनियनवर होते, त्यांनी पटकन सदरा घातला. आईनं पोहे केले. बाई खातात की नाही ते ती दाराआडून बघत होती. त्यांनी खाल्ले, आणखी मागून घेतले, आईला विचारलं शेंगदाणे आधी तळले का. त्या वाईट नाहीत आत्या, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगते.

मग त्यांनी पप्पांना सांगितलं, तुमच्या मुलीचं भाग्य. आमच्या मुलींना जन्मभर शिकवलं तरी हे येणार नाही. आणि म्हणाल्या, तुमच्या बहिणीची एखादी जुनी नऊवारी असेल तर कार्यक्रमात शोभून दिसेल, अस्सल वाटेल.

मी पप्पांकडे बघितलंच नाही. मला फक्त ऐकू आलं, "बघतो." ते त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले. परत आले, खुर्ची जागेवर ठेवली, पेपरची घडी केली. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते दाराकडे बघत बोलले. आईही तिथंच होती. ते जे बोलले ते तिलाही माहीत नव्हतं.

"मी तुझ्यापेक्षा लहान होतो," ते म्हणाले. "घरी खायला नव्हतं म्हणून तुझ्या आत्यानं, चिमणीनं, मला फडाबरोबर नेलं. तिथं माझं काम काय होतं माहितीये? निरोप न्यायचा. खेळ सुटला की पुढं बसलेला एखादा माणूस मला बोलवायचा. म्हणायचा, जा रे, तुझ्या बहिणीला सांग, बोलावलंय. आणि मी राहुटीत जायचो आणि तिला सांगायचो."

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही लहान होता. ते म्हणाले, लहान होतो पण कळत होतं. मग म्हणाले, "नाच म्हटलं की मला तेवढंच आठवतं. तिचा नाच मला आठवत नाही."

त्यांनी मला नको म्हटलं नाही. म्हणाले, नको म्हटल्यानं काय होतं ते मी एकदा बघितलंय. तुला करायचं असेल तर कर, मी बघायला येणार नाही. आणि पोथीसारखी ती पेपरची घडी उलगडून वाचायला बसले.

आता मी काय करू, हे मी तुला विचारत नाही. तू कशाला सांगशील? मला फक्त एक विचारायचंय. आजी वारली तेव्हा मी परसात रडत होते, आणि मला हसवायला तू पाण्याच्या टाकीपाशी पदर खोचून एक गिरकी घेतलीस आणि मागं वळून माझ्याकडे बघितलंस. पप्पा बादली घेऊन आले आणि म्हणाले, चिमणे, पोरीसमोर नको. त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. सगळे म्हणतात तुला ते करावं लागलं. लागलं असेल. पण त्या दिवशी टाकीपाशी तुला कुणी करायला लावलं नव्हतं, आणि तुझं तोंड मी बघितलंय.

तुला आवडायचं का?

नको असेल तर उत्तर देऊ नकोस. सहामाहीत गणितात मी नापास झाले, हे अजून घरी सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय.

उत्पला


मनमाड,
दिवाळी

उत्पला बाळ,

जयभीम. तुझं नाव लिव्हायला लय अवघड हे, त्यातच घाम निघाला. मला सवय नाय, म्हणून थोडकं लिहिते.

साडी नाय. दडवून ठिवली असं समजू नको, खरंच नाय. एक उरली होती ती गोधडीला लावली, ती गोधडी पांघरून मी झोपते. तिचं तेवढं काम बरं हे.

तुझ्या बाईला सांग, रक्तात काय नसतं. मी फडात गेले तवा मला धड चालता येत नव्हतं. भागीबाई म्हणून मालकीण होती, तिनं कमरेला काठी लावून शिकवलं. रडून शिकले, मार खाऊन शिकले. मंग लोक म्हणाले, हिच्या जातीतच हे. भागीबाईची काठी कुणी पाहिली नाय. बाईला म्हणावं आत्या शिकली, तुमच्या पोरी शिकत्यात तशीच. तूबी जे येतं ते शिकलीच हेस. परसात माझं पाहून शिकली असशील. पाहून शिकणं काय रक्त नसतं.

मला आवडायचं का, हे आजवर कुणी इचारलं नाय. माझ्या आईनंबी नाय. आवडायचं बाळ. ढोलकी वाजली का मी कुणाचीच नसायची. नंतरचं आवडायचं नाय. लोकांना दोन्ही येकच वाटतं. मला येगळं वाटायचं, पण येक सोडून दुसरं हाती येत नव्हतं. धम्म घेतल्यावर तुझा बाप आला, म्हणला आता सोड. मी हो म्हणले अन् सोडायला लय वर्षं लावली. त्याला वाटलं मी त्याला मोजलं नाय. दुसरं काम येत नव्हतं हे खरं. अन् मन निघत नव्हतं हेबी खरं. हे मी त्याला बोलले नाय, कसं बोलणार?

आता सावळ्याचं. त्याला हे वाचून दाखव. तो निरोप आणायचा नाय. बाहेर लिंबाखाली बसून राहायचा, अन् परत जाऊन सांगायचा का बहीण तापानं फणफणली. दरयेळी. मी राहुटीतून पाहायची. त्यापायी त्यानं मार खाल्लाय, पाठीवर वळ मी पाहिलेत. त्याला आठवत नसंल तर नसू दे. मला आठवतंय.

तुमच्या कथकातलं मला काय कळत नाय. ते तू ठरव. वजन डाव्या पायावर असतं.

गणिताचं घरी सांग.

चिमणाबाई


नाशिकरोड,
८ डिसेंबर १९८१

आत्या,

जयभीम. उत्तराला उशीर झाला. सगळं झाल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. आता सगळं झालंय, पण काय झालं ते मला अजून नीट लावता येत नाही. झालं तसं लिहिते.

तुझं पत्र मी आधी एकटीनं वाचलं, मग बाईंकडे गेले. क्लासच्या वेळेआधी, त्या सतरंजी घालत होत्या तेव्हा. मी म्हटलं, बाई, माझी आत्या शिकली होती, काठी खाऊन. तिच्या रक्तात नव्हतं. त्या म्हणाल्या, अगं मी कौतुकानंच म्हणते ना! मी म्हटलं, हो बाई, पण मग वैजूलाही लावणी शिकवा, आम्ही दोघी करू.

त्या चटकन म्हणाल्या, "वैजूच्या घरी चालायचं नाही."

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मग त्या हळूच म्हणाल्या, ठीक आहे, लावणी काढून टाकू कार्यक्रमातून.

मला ते म्हणायचं नव्हतं! काढून टाका असं मी कुठं म्हटलं? पण कसं म्हणायचं होतं तेही मला तेव्हा मांडता आलं नाही. भिकाकाका जिना चढून आले, मुली आल्या, तत्कार सुरू झाला, आणि लावणी गेली ती गेलीच. ढोलकी भिकाकाका परत घेऊन गेले. गत वैजूकडेच राहिली, कारण तिची तयारी झाली होती, आणि खरं तर चांगली झाली होती. मला सगळ्यांच्या नाचात दुसऱ्या रांगेत उभं केलं.

कार्यक्रमाला आई आली. पप्पा आले नाहीत. मी दुसऱ्या रांगेत नाचले आणि काही चुकलं नाही. मग विंगेत उभी राहून मी वैजूची गत बघितली. ती वळली तेव्हा बाईंना पाहिजे होतं तस्सं वळली. मी जोरात टाळ्या वाजवल्या आणि रडलेही. वैजूला वाटलं मी तिच्यासाठी रडतेय, तिनं मला मिठी मारली. मी तिच्यासाठी रडत होते का? थोडी असेन. निघताना बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी गत तुझी, दहावी होऊ दे. मी हो म्हटलं. जाणार आहे की नाही ते माहीत नाही. कधी वाटतं आता पाऊल टाकू नये तिथं. आणि पाच वाजले की पाय आपोआप बस स्टॉपकडे जातात.

बरोबर केलं का मी? आई म्हणते बरोबर केलंस. पण ती मी काहीही केलं तरी हल्ली तसंच म्हणते.

पप्पांना तुझं पत्र दाखवायचं राहिलं होतं. कार्यक्रमानंतरच्या रविवारी दुपारी ते विहारात मीटिंगला गेले. आई म्हणाली, मला दाखव तरी काय होतं ते. मग मी बाहेरच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारल्या, तिचीच साडी कशीतरी नेसले आणि लावणी केली. ढोलकी नाही, आई डब्यावर हात मारत होती, तेही बेताल. डावा पाय सांभाळून मी वळले आणि मागं बघितलं, तर दारात पप्पा. मीटिंग लवकर सुटली होती.

आईचा हात डब्यावरच थांबला. मी तशीच उभी. पप्पा चपला काढायचे विसरून आत आले. मग म्हणाले,

"मान एवढी नाही वळवायची ती. नुसती डोळ्यांनी बघायची."

आणि आत जाऊन तोंड धुवायला लागले.

आत्या, त्यांनी मला सांगितलं होतं की तुझा नाच त्यांना आठवत नाही.

संध्याकाळी मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. गणिताचंही त्याच वेळी सांगून टाकलं, ते म्हणाले, पुढं वाच. साडीचं ऐकून थोडे हसले. 'मन निघत नव्हतं' इथं त्यांनी हातानं मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग लिंबाचं आलं. मी हळूहळू वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला.

म्हणाले, "असं एकदा झालं होतं. एकदाच. ती दरवेळी म्हणते."

मी विचारलं, मग खरं काय? ते म्हणाले, मला एकदाच आठवतं. बाकीच्या वेळी मी आत गेलो होतो. आणि मग बऱ्याच वेळानं म्हणाले, लिंब होता हे मात्र खरं.

रात्री जेवताना ते आईला म्हणाले, येत्या रविवारी मी मनमाडला जाऊन येतो. आईनं विचारलं, आम्ही येऊ का? म्हणाले, पहिल्यांदा मला एकट्याला जाऊ द्या. तर ते येतील, तेरा तारखेला सकाळच्या गाडीनं. मी कळवलंय असं त्यांना सांगू नकोस. जेवायला वेगळं काही करत बसू नकोस, त्यांना ते अवघड जाईल. डब्यातलंच दे.

हे सगळं लिहून मला काय म्हणायचं होतं? मला वाटलं होतं तुझं पत्र आलं की मला कळेल नाच म्हणजे काय, कुणाचा असतो, मी तो कशासाठी करते. तुझं उत्तर आलं, बाईंचं आलं, पप्पांचं आलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, हां, हेच. ते सगळं एका वेळी मात्र डोक्यात मावत नाही. वैजू म्हणते, मोठं झाल्यावर कळतं. पप्पा तर मोठे आहेत.

एक शंका आहे ती लिहिते आणि थांबते. ते दरवेळी लिंबाखाली बसायचे, हे तुला खरंच तसं आठवतं, की ते त्यांना ऐकवायचं होतं म्हणून तू लिहिलंस? हे मी कुणाला बोललेले नाही. रविवारी ते तुला विचारतील. आधी दुसरंच काहीतरी बोलतील, पाण्याचं, रेल्वेचं, मग विचारतील. त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. मला मात्र ते कधीच कळवू नकोस, मी मनमाडला आले आणि हट्ट धरून विचारलं तरीसुद्धा.

तुझ्याकडे यायची वाट बघणारी,
ती पोरगी